कोऱ्या टोपीची कुळकथा

सावंतवाडी तालुक्याच्या अगदी दक्षिण टोकाला आरोंदा आहे. गावाला लागून तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आज पूल ओलांडला की राज्य बदलतं, एवढंच. पण शंभर वर्षांपूर्वी या भागात पायी फिरणारा माणूस एका दिवसात तीन सरकारांच्या हद्दीतून जाई. आरोंदा सावंतवाडी संस्थानात. पश्चिमेला रेडी-शिरोड्याचा किनारा इंग्रजांचा, कारण १८१९ च्या तहात सावंतवाडीकरांनी कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची किनारपट्टी कंपनीला देऊन टाकली होती. आणि खाडीपलीकडचं पेडणे १७८८ पासून पोर्तुगीजांचं. शिवाय खाडीच्या मुखाशी, अलीकडच्याच तीरावर तेरेखोलचा किल्ला. तो बांधला सावंतांनी, पण १७४६ पासून त्यावर झेंडा पोर्तुगीजांचा.

सरकारं तीन आणि त्यांच्या माणसांच्या डोक्यांवरचं शिरस्त्राणही तीन तऱ्हांचं. संस्थानात मानकऱ्यांच्या डोक्यावर पगडी नाहीतर पागोटं, कुळाच्या डोक्याला मुंडासं, पावसात घोंगडीची खोळ. शिरोड्याच्या मिठागरांवर तपासणीला येणारा गोरा साहेब सोला हॅटमध्ये. पलीकडे पोर्तुगीज अंमलदार आणि त्यांच्या रिवाजाने वागणारे ख्रिस्ती भाटकार युरोपी हॅटमध्ये, जिला कोकणीत चेपें म्हणतात. समोरून येणारा माणूस कोणाचा, कोणत्या पायरीवरचा आणि त्याला रामराम करायचा की जोहार, हे सगळं त्याच्या डोक्याकडे पाहून ठरत असे.

अशा मुलखातून १९३० च्या उन्हाळ्यात एक वेगळीच टोपी चालू लागली. पांढरी, खादीची, दुमडून खिशात मावणारी आणि घालणाऱ्याचं गाव, जात, हुद्दा यांतलं काहीच न सांगणारी. गांधी टोपी या नावाने आपण तिला ओळखतो. ती इतकी रोजच्या वापरातली झाली की तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. पण कपड्याच्या चार तुकड्यांतून परस्परविरोधी संस्कृतींची सांगड घालणारी कलाकृती दाखवा असं कोणी म्हटलं, तर मी संग्रहालयात न जाता या टोपीकडे बोट दाखवीन. तिची कुळी मोठी विचित्र आहे. तिच्यात काश्मीर आहे, दक्षिण आफ्रिका आहे, विलायतेची एक हुकलेली आठवण आहे आणि सावंतवाडीकडच्या एका गावाचाही धागा आहे.

आधी या किनाऱ्याचं टोपीशी असलेलं जुनं वैर पाहू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात व्यापाऱ्यांविषयी लिहिताना पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांना एका नावाने बांधलं आहे: टोपीकर. हे इतर सावकारांसारखे साधे सावकार नाहीत, प्रत्येकाच्या पाठीशी राज्य आहे, त्यांना किनाऱ्यालगत पक्की जागा देऊ नये, असा अमात्यांचा सल्ला आहे. पगडी आणि टोपी यांच्यातली रेघ तेव्हापासूनची. टोपी म्हणजे परका, आरमारवाला, वखारवाला. पुढे दोनशे वर्षांनी त्याच टोपीकरांना घालवायला निघालेल्या माणसांनी डोक्यावरची पगडी उतरवून टोपीच घातली. या उलटापालटीचं श्रेय ज्याला द्यायचं तो माणूस स्वतः बराच काळ डोक्यावर काय घालावं या पेचात होता.

मोहनदास गांधी १८९३ मध्ये डरबानला पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पगडी होती. कोर्टात मॅजिस्ट्रेटने ती उतरवायला सांगितली. गांधी उतरवेनात, उठून बाहेर आले आणि वर्तमानपत्रात पत्र लिहून मोकळे झाले. अपमान टाळायचा तर पगडी सोडून इंग्रजी हॅट घालावी, असा विचार त्यांच्या मनात आला. पण त्यांचे अशील अब्दुल्ला शेठ यांनी विरोध केला. हॅट घातलीत तर लोक तुम्हाला वेटर समजतील, असं त्यांनी बजावलं. तिथल्या हॉटेलांत हिंदी ख्रिस्ती मुलं ते काम करत आणि हॅट घालत. म्हणजे हॅट घालून साहेब होता येत नव्हतंच, उलट पायरी उतरावी लागत होती. पुढच्याच वर्षी नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर न्यायाधीशांनी पगडी उतरवायला सांगितली आणि या वेळी गांधींनी ती उतरवली. लढायचं बळ मोठ्या लढाईसाठी राखावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डोक्यावरचं वस्त्र म्हणजे राजकारण, हा धडा ते तिथेच शिकले.

१९०८ पासून दक्षिण आफ्रिकेतला तुरुंगवास सुरू झाला. हिंदी सत्याग्रह्यांना तिथे काळ्या कैद्यांच्या वर्गात टाकत आणि त्यांचाच वेश देत. त्या वेशात एक टोपीही होती. गांधी टोपीचं मूळ या कैदी टोपीत आहे, असं सांगणारे गांधींचे जुने सहकारी होते. दुसरी कथा उत्तर प्रदेशातल्या रामपूरची. तिथे गांधी नबाबाच्या भेटीला गेले असता डोकं झाकायला काही नव्हतं म्हणून अली बंधूंच्या आईने, बी अम्मांनी, हाताने टोपी शिवून दिली, असं रामपूरकर अभिमानाने सांगतात. तिसरी हकिकत मात्र स्वतः गांधींच्या तोंडची म्हणून नोंदवलेली आहे आणि ती नोंदवणारा माणूस आपल्याकडचा आहे.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे काकासाहेब. जन्म १८८५ चा, साताऱ्याचा. घराणं मूळचं सावंतवाडीजवळच्या कालेलीचं, आडनाव तिथूनच आलं. फर्ग्युसनमध्ये शिकलेला हा मराठी माणूस गांधींच्या आश्रमात गेला आणि गुजरातीत असं लिहू लागला की गांधींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. पांढरी टोपी कशी सुचली हे गांधींनी काकांना उलगडून सांगितलं आणि काकांनी ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. ते वाचताना एखादा जाणता कारागीर माल पारखतो आहे असं वाटतं.

गांधींनी निरनिराळ्या प्रांतांतली डोकी तपासली. आपला देश उष्ण, तेव्हा डोकं झाकायला हवं. पंजाबी फेटा रुबाबदार, पण कापड फार खातो. बंगाली आणि काही दाक्षिणात्य बोडक्याने फिरतात, पण बहुतेकांना डोक्यावर काहीतरी लागतंच. गुजरातेत चालणाऱ्या टोप्या मळखाऊ, घाम पितात आणि दाखवत नाहीत. या सगळ्यात काश्मिरी टोपी त्यांना पसंत पडली. हलकी, दिसायला नीटस, शिवायला सोपी, घडी घालून खिशात ठेवता येण्यासारखी. पण ती लोकरीची. म्हणून त्यांनी आकार काश्मीरचा घेतला आणि कापड सुती. रंग कोणता? पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो आणि मग टोपी धुवावी लागते. मळ लपवणारा रंग सोयीचा, हे आपलं नेहमीचं गणित. गांधींनी ते नेमकं उलटं केलं. गंमत अशी की ज्या काश्मीरचा आकार त्यांनी उचलला ते काश्मीर त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ऑगस्ट १९४७ मध्ये, तेही आयुष्यात एकदाच.

या पारखीत आणखी एक वस्तू त्यांना मनापासून आवडली होती आणि ती त्यांनी घेतली नाही. ती म्हणजे सोला हॅट. डोकं, डोळे आणि मान तिन्हींना सावली देणारी, वजनाला नगण्य, आत हवा खेळती ठेवणारी. युरोपने दिलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक, अशा अर्थाचं त्यांनी १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलं. हॅटविषयी लोकांच्या मनात एवढी अढी नसती तर मी तिचा प्रचार केला असता, अशी कबुलीही दिली. राष्ट्रीय मन हॅटला नको म्हणतं आणि आतलं आंतरराष्ट्रीय मन हवं म्हणतं, असा तो झगडा होता.

खरं तर ती हॅट पूर्ण परकी नव्हतीच. सोला हा पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाचा गाभा. मराठीत त्याला भेंड म्हणतात. आपल्याकडे नवरानवरीची बाशिंगं या भेंडाची होत. बंगालात माळाकार याच भेंडातून नवरदेवाचा टोपोर आणि दुर्गेचा शुभ्र साज कोरतात. देवीच्या आणि लग्नाच्या मखरातलं हे द्रव्य इंग्रजांनी उचललं, त्यावर कापड चढवलं, रुंद काठ काढला आणि साहेबाची हॅट तयार केली. शिरोड्याच्या मिठागरावर उभ्या असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर आपल्याच बाशिंगाचा गाभा होता, पण ते कोणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. वस्तू एकदा सत्तेची खूण झाली की तिचं माहेर पुसलं जातं. गांधी टोपीच्या वाट्यालाही पुढे हेच आलं.

आता टोपीच जवळून पाहू. एक गांधी टोपी हातात घ्या आणि उलटी करा. भोवती दुहेरी कापडाची रुंद पट्टी, मध्ये टाळूचा लांबट तुकडा. हा तुकडा मधोमध आत दुमडतो, त्यामुळे टोपी उघडली की होडीसारखी दिसते आणि मिटली की पातळ घडी होते. अस्तर नाही, आत चामड्याची पट्टी नाही, बटण नाही, झुपका नाही. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हेही फारसं सांगता येत नाही. शिवण सरळ असल्याने घरातली बाईही ती शिवू शकते. डोक्याभोवती दोरी फिरवून माप घेतलं की झालं. कोकणात तिला ताठपणा यायचा तो भाताच्या पेजेच्या खळीने. धुवायची, खळ द्यायची, सावलीत अर्धवट वाळवायची आणि तांब्यात निखारे घालून तो तांब्या वरून फिरवायचा. परीटघडी नसली तरी टोपी उभी राही.

हिच्या उलट पगडी. पुणेरी पगडी बांधायला पगडबंद लागे. ती साच्यावर कायमची बांधलेली, पेटीत ठेवायची आणि जपून वापरायची. पगडीचा कोका, घेर, रंग, बांधणी यांवरून ब्राह्मण कोण, प्रभू कोण, सोनार कोण, शिंदेशाही कोण आणि गायकवाडी कोण हे कळत असे. महाराष्ट्रात डोकं म्हणजे जातीचा दाखला होता. जोतीराव फुल्यांचं पागोटं आणि पुण्यातल्या पंडितांची पगडी समोरासमोर आली की वाद तोंड उघडण्याआधीच सुरू झालेला असे. टिळकांची लाल पगडी साऱ्या देशाला माहीत होती. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकार सुरू झाला. पुढच्या वर्षभरात पुण्या-मुंबईच्या सभांतली पांढरी डोकी वाढत गेली. वकिलाच्या आणि विणकराच्या डोक्यावर पहिल्यांदाच एकसारखं कापड आलं. हे कापड सूत कातणाऱ्या हाताचं होतं, गिरणीचं नव्हतं. जातीचा दाखला लपवणारी खूण म्हणून ती टोपी जितकी क्रांतिकारक होती, तितकी इंग्रजांविरुद्धची खूण म्हणूनही कदाचित नव्हती.

नाव गांधींचं, पण गांधींनी स्वतः ही टोपी दोन-तीन वर्षंच घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी टोपी आणि अंगरखा दोन्ही उतरवले आणि पंचा नेसला. लोकांना पुरेशी खादी परवडत नाही, तेव्हा आपणच कमी कापड वापरावं, हा त्यामागचा विचार. त्यानंतर आयुष्यभर ते उघड्या डोक्याने वावरले. ज्याच्या नावाने टोपी, त्याच्या डोक्यावरच ती नाही, ही स्थिती टोपीच्या पथ्यावर पडली. ती एका माणसाचा पोशाख न राहता कोणीही घालावी अशी वस्तू झाली.

सरकारला ती लवकरच खुपू लागली. कचेऱ्यांत, शाळांत, कोर्टांत ती घालण्यावरून तंटे झाले. १९३० च्या जूनमध्ये आंध्रातल्या गुंटूरला गांधी टोपीवर बंदी आली आणि बंदी मोडायला लोक टोप्या घालून रस्त्यावर उतरले. त्याआधी मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा जारी झाला आणि तिथेही पांढरी टोपी घालून बाहेर पडणं म्हणजे मार ओढवून घेणं होतं. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. या चार नावांतली भाषा, जात, धर्म वेगवेगळे आहेत. या टोपीने एकत्र आणलेली माणसं ती हीच.

त्याच मे महिन्यात टोपी आरोंद्याच्या शेजारी पोचली. मिठाच्या सत्याग्रहासाठी महाराष्ट्राने निवडलेल्या ठिकाणांत शिरोडा महत्त्वाचं. इथे समुद्रालगत सरकारी देखरेखीखालची मिठागरं होती आणि गाव तसं आडबाजूला. घाटावरून, रत्नागिरीकडून, मुंबईहून सत्याग्रही आले. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना पुढे कोकणचे गांधी म्हटलं गेलं, ते या लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी. त्या वेळी शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. १९२० ते १९३८ एवढा काळ ते तिथे राहिले. मिठागरांवर लोक मीठ उचलायला गेले, पोलिसांनी मारहाण केली, धरपकड झाली. मिठागरावरच्या त्या दृश्यात दोन पांढऱ्या वस्तू होत्या आणि इंग्रजी राज्यात दोन्हींना गुन्ह्याचा वास येत होता: एक मीठ आणि दुसरी टोपी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिरोड्यात सत्याग्रही इंग्रजांचा कायदा मोडत होते, आरोंद्यात संस्थानी कायदा होता आणि खाडीपलीकडे पोर्तुगीज कायदा. टोपी मात्र तिन्हीकडे सारखीच होती. सीमारेषा तिला लागू नव्हत्या. पगडीला तसं करता आलं नसतं, कारण संस्थानाची पगडी इंग्रजी हद्दीत गेली की पाहुणी होई आणि पोर्तुगीज हद्दीत गेली की संशयित.

पण टोपीच्या कौतुकात तिला मिळालेला नकार विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही टोपी धरली नाही. ते सुटाबुटात वावरले, डोक्यावर हॅटही घालत. ज्यांना शतकानुशतकं चांगलं कापड अंगावर घेण्याची मनाई होती, त्यांना साधेपणा हा त्याग वाटण्याचं कारण नव्हतं. गांधींची टोपी जात लपवत होती. आंबेडकरांची हॅट जात झुगारत होती. दोन्हींचं मोल वेगळं आहे आणि एकाच्या मापाने दुसरीला मोजण्यात अर्थ नाही. दुसरा नकार नागपूरहून आला. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने आधी खाकी टोपी घेतली आणि १९३० पासून काळी. पुढच्या काळात मराठी मध्यमवर्गीय घरांत एकाच खुंटीवर थोरल्या भावाची पांढरी आणि धाकट्याची काळी अशा दोन टोप्या टांगलेल्या असणं ही काही नवलाची गोष्ट राहिली नाही.

तिसरं उत्तर सर्वांत विलक्षण. १९३७ मध्ये मुस्लिम लीगच्या लखनौ अधिवेशनात महंमद अली जिना विलायती सूट सोडून शेरवानीत आले आणि डोक्यावर त्यांनी कराकुल कोकराच्या कातडीची टोपी घातली. ती जिना टोपी. हिचा आणि गांधी टोपीचा आकार शेजारी ठेवून पाहा. दोन्ही लांबट, दोन्ही घडीच्या, दोन्हींचं गोत्र काश्मीर आणि त्यापलीकडच्या मध्य आशियाशी जुळणारं. एक सुती, धुऊन वापरायची. दुसरी कातड्याची, जपून वापरायची. युरोपी सैन्यांतली दुमडती टोपीही दिसायला याच घराण्यातली आणि १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी आझाद हिंद फौजेचा गणवेश घातला तेव्हा त्यांच्या डोक्यावर तीच होती. सत्याग्रही, मुस्लिम लीगचा नेता आणि सेनानी असे तीन परस्परविरोधी रस्ते जवळपास एकाच आकाराखालून गेले. आकार कोणाच्या मालकीचा नसतो, त्यात अर्थ भरणारी माणसं वेगळी असतात, याचा यापेक्षा ठळक पुरावा नको.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, शिरोडा आणि आरोंदा एका राज्यात आले. खाडीपलीकडे मात्र टोपीकर राहिले. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी जी ठिणगी टाकली होती ती १९५४ मध्ये सीमेवर आली. १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्यात शिरण्यासाठी तीन तुकड्या निघाल्या आणि तिन्हींचे नायक गोव्याचे ख्रिस्ती होते: अँथनी डिसोझा, आल्फ्रेड अफोन्सो आणि मार्क फर्नांडिस. अफोन्सोंच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि दिवसभर किल्ला आपल्याकडे ठेवला. पोर्तुगालचा दावा होता की गोवा म्हणजे पोर्तुगालच, तिथले ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजच. आपल्या वेशावरून, नावावरून, धर्मावरून ज्यांना टोपीकरांत मोजलं गेलं त्यांनीच टोपीकरांच्या किल्ल्यावर चढून त्या दाव्याला उत्तर दिलं.

पुढच्या वर्षी सत्याग्रह वाढला. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, कम्युनिस्ट पक्षाचे विष्णुपंत चितळे, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी असे एरवी एका व्यासपीठावर न येणारे लोक सीमा ओलांडून गेले. पांढरी टोपी, काळी टोपी आणि लाल बावट्याखालचं उघडं डोकं एकाच बंदुकीसमोर आलं. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हुतात्मा झाले. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला, आणि तो सैन्याने केला. टोपीची लढाई तिथे अपुरी पडली हेही नोंदवायला हवं.

ज्या टोपीने माणसांना गुन्हेगार ठरवलं होतं ती स्वातंत्र्यानंतर अधिकाराची झाली. सरपंच, पंचायत समितीचा सभापती, सूतगिरणी आणि साखर कारखान्याचा अध्यक्ष, आमदार, मंत्री. खळ अधिक कडक झाली आणि खादीच्या जागी टेरिकॉट आलं. पाहुण्याचा मान करायचा तर टोपी, टॉवेल, नारळ ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रात पडली. १९७५ च्या ‘सामना’त तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दाखवलेला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. निळू फुल्यांनी पांढऱ्या टोपीखालून जे डोळे रोखले, त्यात या टोपीच्या पन्नास वर्षांचा सगळा ऱ्हास होता. विशेष म्हणजे निळूभाऊ स्वतः सेवादलाच्या मुशीतले. ती टोपी कशासाठी शिवली होती हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून ती कशी बिघडली हे त्यांना नेमकं दाखवता आलं. व्यंगचित्रकारांनी तर पुढारी काढायची मेहनतच कमी केली. पोट आणि टोपी काढली की पुढारी पुरा.

त्याच वेळी ती दुसऱ्या डोक्यांवर प्रामाणिक राहिली. आषाढीला पंढरपूरकडे चालणाऱ्या वारकऱ्याच्या डोक्यावर ती आहे. मुंबईच्या लोकलमधून डबे वाहणाऱ्या मावळातल्या आणि खेडच्या माणसांनी ती शिस्तीचा भाग म्हणून सांभाळली. या दोघांनाही तिच्यातून सत्ता मिळवायची नव्हती, म्हणूनच बहुधा ती त्यांच्याकडे मळली नाही.

मग आला ऑगस्ट २०११. दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले आणि हजारो तरुणांनी पांढरी टोपी घातली, पण तिच्यावर अक्षरं होती: मी अण्णा आहे. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या आम आदमी पक्षाने अक्षरं बदलून तीच टोपी उचलली. त्यानंतर सगळ्यांनीच टोप्या छापल्या. भगव्या, हिरव्या, निळ्या, पिवळ्या. कुणाच्या साखरपुड्याच्या, कुणाच्या वाढदिवसाच्या, बँकेच्या, बियाण्याच्या कंपनीच्या. कापड आता बहुतेक न विणलेलं, एकदा घालून फेकण्याचं. डोक्यावरची जागा भाड्याने द्यायची जागा झाली.

माझं मत स्पष्ट आहे. या टोपीतली कला तिच्या कोरेपणात होती. गांधींनी काश्मीरचा आकार घेतला आणि काश्मीरचं नाव ठेवलं नाही. सोला हॅटचे गुण ओळखले आणि साहेबाचा काठ सोडला. कैद्याच्या टोपीला लाज न मानता मान दिला. पगडीची जात पुसली. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आणूनही टोपीवर एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहायचं काम घालणाऱ्याने आपल्या वागण्याने करायचं होतं. सोलापूरच्या चौघांनी, शिरोड्याच्या मीठ उचलणाऱ्यांनी, तेरेखोलवर चढलेल्या अफोन्सोंनी ते केलं. कारखान्याच्या अध्यक्षांनीही आपल्या परीने केलंच. छापील टोपीत घालणाऱ्याला काही करायचं उरत नाही, वाचणाऱ्याने वाचलं की काम संपलं. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं, कारण पगडी एका गावाची होती. गांधी टोपीला असं मानांकन कोणत्या गावाच्या नावे द्यायचं? श्रीनगर, रामपूर, जोहान्सबर्ग की साबरमती? उत्तर नसणं हाच तिचा मोठेपणा आहे.

आज आरोंद्याच्या पुलावरून रोज शेकडो तरुण नोकरीधंद्यासाठी गोव्यात जातात. पोलीस अजूनही त्यांच्या डोक्याकडे बघतात, पण हेल्मेट आहे की नाही एवढ्यापुरतं. डोक्यावरून माणूस ओळखण्याचा काळ संपला हे चांगलंच झालं. फक्त तो काळ वाचण्याचं साधन आपल्या घरांत आहे आणि ते झपाट्याने नाहीसं होतं आहे. शाळेच्या वर्गाचे, लग्नाचे, ग्रामपंचायतीच्या पहिल्या सभेचे, मुंबईच्या चाळीतल्या मंडळाचे जुने ग्रुप फोटो काढा. १९२० ते १९७० च्या फोटोंत कोणाच्या डोक्यावर पगडी आहे, कोणाची पांढरी टोपी, कोणाची काळी, कोणाचं मुंडासं, कोण हॅटमध्ये आणि पहिलं बोडकं डोकं कोणत्या साली दिसतं, हे नीट पाहा. त्या गावाचा राजकीय आणि सामाजिक इतिहास तिथे रांगेत बसलेला आहे. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून प्रत्येकाचं नाव, गाव आणि साल विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. हे काम या महिन्यातच करा, कारण ती नावं सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.